नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाचा डोळा उघडत नसेल तर आधी काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा: इनक्युबेटरमधून (अंडी उबवण्याच्या यंत्रातून) काल बाहेर आलेल्या कोंबडीच्या पिल्लांपैकी एकाचा उजवा डोळा बंद आहे. पापणी जरा सुजलेली वाटते, कडेला पिवळट चिपडं आहेत आणि बाकीची पिल्लं नेमकी त्याच डोळ्यावर चोच मारतायत. डोळा हाताने उघडावा का, घरात पडलेले माणसांचे ड्रॉप घालावेत का, आणि हे पिल्लू जगेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. एक डोळा बंद असलेलं पिल्लू बहुतेक वेळा जगतं. जी दगावतात ती बहुतेक डोळ्यामुळे नव्हे, तर उपासमार, तहान आणि गारठा यांमुळे. आपण सगळे डोळ्याकडे बघत बसतो आणि पिल्लाने दिवसभरात काही खाल्लं का, हे बघायचं राहून जातं. अंड्यातून बाहेर पडण्याच्या थोडं आधी पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेतं आणि त्या शिदोरीवर त्याचे दोन-तीन दिवस निघतात. त्यामुळे नीट न दिसणारं पिल्लू पहिले दोन दिवस ठणठणीत वाटतं आणि चौथ्या-पाचव्या दिवशी एकदम मान टाकतं. तेव्हा लोक म्हणतात, डोळ्याचं इन्फेक्शन अंगात पसरलं. खरं तर अनेकदा ते पिल्लू दाण्यापर्यंत पोचलेलंच नसतं. म्हणून आज रात्री क्रम असा ठेवा: आधी ऊब, मग पाणी आणि खाणं, त्यानंतर डोळा.

पिल्लाला बाकीच्यांपासून आत्ता लगेच वेगळं करा, पण एकटं ठेवू नका. चमकणारं, ओलं किंवा लालसर काही दिसलं की पिल्लं त्यावर चोच मारणारच, तो त्यांचा उपजत स्वभाव आहे. सुजलेल्या डोळ्यावर पडलेली एखादीच टोच साध्या चिकटलेल्या डोळ्याची कायमची इजा करून टाकते. दुसरीकडे एकटं पडलेलं पिल्लू सतत ओरडतं, खात नाही आणि दमून जातं. ब्रूडरमध्येच, म्हणजे पिल्लांना दिव्याची ऊब देणाऱ्या खोक्यातच, जाळी लावून एक कोपरा वेगळा काढा, म्हणजे बाकीच्यांचा आवाज आणि ऊब दोन्ही मिळेल. सोबतीला कळपातलं एक शांत, खात असलेलं पिल्लू द्या. दोघांत टोचाटोची सुरू झाली तर सोबती बदला.

पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर तापमान साधारण 35 अंश सेल्सिअस हवं. थर्मामीटर वर टांगून ठेवला तर तो काहीतरी वेगळंच सांगतो, म्हणून तो गादीच्या, म्हणजे खाली अंथरलेल्या भुशाच्या, जरासा वर ठेवा. कोपऱ्याची एक बाजू थोडी थंड राहू द्या. पिल्लू पंख पसरून चोच उघडी टाकत असेल तर उष्णता जास्त झाली आहे, आणि अंग फुगवून दिव्याखाली चिकटून बसत असेल तर कमी पडते आहे. दिवा फार खाली टांगलेला असेल तर डोळ्यातला ओलावाही सुकतो, हे लक्षात असू द्या.

पाण्यासाठी उथळ झाकण घ्या आणि त्यात स्वच्छ धुतलेले खडे टाका, म्हणजे पिल्लू पाण्यात बसणार नाही. पिल्लाला तळहातात धरून चोचीचं फक्त टोक पाण्यात टेकवा. नाकपुड्या चोचीच्या वरच्या बाजूला असतात, त्या बुडता कामा नयेत. टोक ओलं झालं की पिल्लू मान वर करून गिळतं. असं तीन-चारदा केलं की पाणी कुठे आहे ते त्याला कळतं. सिरिंजने घशात पाणी सोडू नका. पक्ष्यांच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या अगदी मागे उघडं असतं, त्यामुळे घाईत सोडलेलं पाणी थेट फुप्फुसात जातं. पिल्लू अगदीच पेंगुळलेलं असेल तर चोचीच्या बाजूला एक थेंब लावा. पिल्लू तो आपोआप आत ओढून घेईल आणि मगच दुसरा थेंब द्या.

खाद्य म्हणून पिल्लांचा नेहमीचा बारीक भरडाच द्या. पण एका डोळ्याने बघणाऱ्या पिल्लाला अंतराचा अंदाज नीट येत नाही, चोच दाण्याच्या अलीकडे किंवा पलीकडे पडते. म्हणून खाद्य कोमट पाण्यात भिजवून घट्टसर करा आणि पांढऱ्या, न घसरणाऱ्या कागदावर त्याचा पसरट थर द्या, म्हणजे चोच कुठेही पडली तरी काहीतरी तोंडात येईल. खाद्याच्या मधोमध नखाने टकटक करा. कोंबडी पिल्लांना चोच आपटून आणि आवाज करून दाणा दाखवते आणि पिल्लं त्या ठोक्याला लगेच प्रतिसाद देतात. दोन्ही डोळे मिटलेलं पिल्लूसुद्धा आवाजाच्या दिशेने चोच मारायला लागतं. भिजवलेलं खाद्य दर तीन-चार तासांनी बदला, उबेत ते लवकर आंबतं.

इथे एक बारीक गोष्ट सांगावीशी वाटते. अंड्यात पिल्लू वळून बसतं तेव्हा त्याचा डावा डोळा अंगाकडे दाबलेला असतो आणि उजवा कवचाच्या बाजूला असतो. उजव्या डोळ्यावर कवचातून येणारा उजेड पडतो आणि त्याचा परिणाम मेंदूच्या घडणीवर होतो. खड्यांतून दाणा वेगळा ओळखण्याच्या कामात पिल्लं उजव्या डोळ्यावर जास्त विसंबतात, असं प्रयोगांतून दिसलं आहे. प्रश्नातला बंद डोळा उजवाच आहे. त्यामुळे या पिल्लाच्या खाद्यात वाळू, खडे किंवा गादीचा भुसा मिसळणार नाही याची जास्त काळजी घ्या. बारीक भरडा खाणाऱ्या पिल्लाला खड्यांची तशीही गरज नसते.

रात्री दिवा मंद करण्याआधी पिल्लाची अन्नपिशवी तपासा, जिला आपण क्रॉप म्हणतो. मानेच्या बुडाशी, थोडी उजव्या बाजूला बोटाच्या टोकाने हलकं चाचपा. भिजवलेल्या वाटाण्यासारखी मऊ गोळी हाताला लागली तर पिल्लाने खाल्लंय. जागा रिकामी, सपाट लागली तर त्याने खाल्लेलं नाही, मग ते दिवसभर कितीही चोच मारताना दिसलेलं असो. जमल्यास रोज एकाच वेळी छोट्या काट्यावर वजन करून लिहून ठेवा. पहिल्या दिवशी वजन किंचित घटतं, ते चालतं. तिसऱ्या दिवसापासून ते वाढायला हवं. वाढत नसेल तर हातात धरून, पाणी चोचीला लावून, भिजवलेलं खाद्य बोटावर घेऊन दर दोन तासांनी खायला घालावं लागेल.

आता डोळ्याकडे वळू.

हात धुऊन, चांगल्या उजेडात आधी चांगला डोळा नीट बघून घ्या. तो गोल, किंचित पुढे आलेला, ओलसर चमकणारा असतो. मधेच चोचीकडच्या कोपऱ्यातून एक अर्धपारदर्शक पडदा झर्रकन डोळ्यावरून सरकून जातो. ती पक्ष्याची तिसरी पापणी आहे, डोळा पुसत राहणं हे तिचं काम. हाच पडदा बघून डोळ्यावर साय आलीय असं वाटून काही जण तो पुसून काढायला जातात. कृपा करून तसं करू नका. त्यानंतर बिघडलेल्या बाजूला बघा: पापणी कोरड्या चिकट द्रवाने चिकटली आहे की आतून सूज आहे? पापणीखाली डोळ्याचा गोल उंचवटा दिसतो का, की तिथे सपाट खळगाच आहे? नाकातून पाणी येतंय का? पिल्लू चोच उघडून श्वास घेतंय का? मान किंवा अंग थरथरतंय का? नाभी कोरडी आहे की ओली, काळपट?

टॉर्च मारून बाहुली आकसते का, हे बघून दृष्टी आहे की नाही ते ठरवू नका. पक्ष्याच्या बुबुळाचे स्नायू त्याच्या इच्छेवर चालणारे असतात. त्यामुळे बाहुली उजेडाशिवायही लहान-मोठी होते आणि ही तपासणी माणसासारखी भरवशाची ठरत नाही. त्यापेक्षा डोळा उघडल्यावर चांगला डोळा बोटाने हलकेच झाका आणि दुसऱ्या बाजूने कापसाचा छोटा पुंजका डोळ्यासमोर अलगद सोडा. मान वळली किंवा पिल्लू दचकलं तर त्याला दिसतंय. हात हलवून बघाल तर वाऱ्याची झुळूक लागूनही ते दचकेल आणि तुमचा गैरसमज होईल.

डोळा हाताने उघडावा का, याचं उत्तर स्पष्ट नाही असंच आहे. कोरडी चिकटलेली पापणी ओढली की तिची कड फाटते, पिसं मुळासकट उपटतात आणि कधीकधी पापणीला चिकटलेला डोळ्याचा वरचा पातळ थरही सोलून निघतो. चिकटलेलं भिजवायचं असतं, ते आपसूक सुटतं.

त्यासाठी मेडिकलमध्ये मिळणारी निर्जंतुक नॉर्मल सलाईनची बाटली सर्वांत चांगली. ती नसेल तर एक लिटर पाणी उकळून त्यात 9 ग्रॅम साधं मीठ विरघळवा. मीठ मोजून घ्या, अंदाजाने टाकू नका, जास्त खारट पाणी डोळ्याला झोंबतं. हे पाणी एका दिवसात संपवा किंवा फेकून द्या. पिल्लाचं अंग आपल्यापेक्षा गरम असतं, त्यामुळे पाणी तुमच्या मनगटावर छान कोमट लागेल इतकं हवं. कापसापेक्षा गॉज बरा, त्याचे धागे डोळ्यात अडकत नाहीत.

पिल्लाला मऊ फडक्यात सैल गुंडाळा, फक्त डोकं बाहेर राहू द्या. छाती दाबली जाता कामा नये, पक्ष्याला श्वास घ्यायला छातीचा पिंजरा वर-खाली व्हावा लागतो. भिजवलेला आणि थोडा पिळलेला गॉज मिटलेल्या डोळ्यावर न दाबता ठेवा. थंड झाला की बदला. दोन-तीन मिनिटांत चिपडं पांढुरकी, लिबलिबीत होतात. मग चोचीकडच्या कोपऱ्यापासून बाहेरच्या दिशेला एकदाच पुसा आणि तो तुकडा टाकून द्या. दुसऱ्या डोळ्याला वेगळा तुकडा घ्या, आधी चांगला डोळा, मग बिघडलेला. पापणी सुटली तर सलाईनचे दोन-तीन थेंब डोळ्यावरून वाहू द्या. नाही सुटली तर तिथेच थांबा आणि तीन-चार तासांनी पुन्हा करा. एका वेळी पाच मिनिटांहून जास्त हाताळू नका. डोक्याची पिसं ओली राहिली तर पिल्लू झपाट्याने गारठतं, म्हणून टिपून कोरडं करूनच उबेत सोडा. दिवसातून तीन वेळा एवढं पुरे.

काही पिल्लांच्या चेहऱ्यावर कवचाच्या आतला पापुद्रा वाळून चामड्यासारखा चिकटलेला असतो. तोही असाच भिजवून काढायचा. कोरडा सोलायचा नाही.

भिजवल्यावर आत काय दिसतं, यावर पुढचं सगळं ठरतं. सर्वांत जास्त वेळा दिसतं ते असं: पापणी सुटते, खालचा डोळा स्वच्छ, काळाभोर, ओलसर असतो आणि पिल्लू लगेच इकडेतिकडे बघायला लागतं. हा अंड्यातला चिकट द्रव वाळून डोळा बंद झाल्याचा प्रकार. याला औषध लागत नाही. पुढचे दोन दिवस सकाळ-संध्याकाळ डोळा पुसा आणि बघत राहा. पहिल्याच दिवशी पापणीला आलेली किंचित सूजही अशा पिल्लात एक-दोन दिवसांत उतरते.

डोळा सुटला पण पांढरा भाग लाल आहे, पाणी गळतंय, पिल्लू उजेडात डोळा मिचकावतंय आणि डोकं खांद्यावर घासतंय, तर पहिला संशय हवेवर घ्या. ओल्या गादीतून अमोनिया निघतो आणि तो पिल्लांच्या उंचीवर साठतो. उभं राहून आपल्याला वास येत नाही. गुडघ्यावर बसा, चेहरा गादीच्या अगदी जवळ न्या आणि दोन-तीन श्वास घ्या. नाकाला झोंबलं किंवा डोळे चुरचुरले तर पिल्लांचे डोळे त्या हवेत दिवसरात्र भाजून निघतायत. हवेच्या दहा लाख भागांत 25 भाग ही कुक्कुटपालनात सहसा धरली जाणारी वरची मर्यादा, आणि रोज तिथे वावरणाऱ्याच्या नाकाला या वासाची सवय होऊन जाते. म्हणून बाहेरून पहिल्यांदा आत आल्यावर वास घ्या, किंवा घरातल्या दुसऱ्या कोणाला घ्यायला सांगा. ओला थर काढून कोरडी गादी टाका आणि हवा खेळती करा, पण झोत थेट पिल्लांवर नको. अशा डोळ्यांवर बाटलीभर ड्रॉप घातले तरी हवा तशीच असेपर्यंत काहीही उपयोग होत नाही. हवा सुधारली की सौम्य त्रास काही दिवसांत ओसरतो. डोळ्याची काच, म्हणजे समोरचा पारदर्शक थर, धुरकट झाली असेल तर मात्र वेळ लागतो, आणि तिथे डॉक्टरने डोळा बघणं गरजेचं आहे.

बारीक लाकडी पीठ, बुरशी लागलेलं तूस, धुरळा उडवणारं कोरडं खाद्य यांचंही असंच. गादीला जाडसर भुसा वापरा. आजारी कोपऱ्यात पहिले दोन-तीन दिवस खरबरीत कागदच बरा. गुळगुळीत कागदावर पिल्लांचे पाय फाकतात. अंडी उबवण्याचं यंत्र फॉर्मेलिनच्या धुराने निर्जंतुक केलं असेल आणि धूर पूर्ण निघून जायच्या आत पिल्लं बाहेर आली असतील, तर एकाच वेळी बऱ्याच पिल्लांचे दोन्ही डोळे लाल होतात.

आता जंतुसंसर्ग. पुसल्यावर काही तासांत चिपडं पुन्हा जमतात, पापणी ताणलेली आणि गरम लागते, किंवा पापणीखाली पिवळट घट्ट गोळा दिसतो. पक्ष्यांचा पू आपल्यासारखा पातळ होऊन वाहून जात नाही. त्यांच्या पांढऱ्या पेशींत पू पातळ करणारी रसायनं पुरेशी नसतात, म्हणून तो पनीरसारखा घट्ट होऊन तिथेच बसतो. वरून मलम लावत राहिलं तर ते त्या गोळ्यापर्यंत पोचतच नाही. तो गोळा पशुवैद्याने काढावा लागतो, त्याशिवाय डोळा बरा होत नाही. चिमट्याने घरी प्रयोग करू नका.

ई. कोलाय, साल्मोनेला, स्टॅफिलोकोकस, स्यूडोमोनास हे नेहमीचे जंतू घाणेरड्या अंड्यांवरून, यंत्रातल्या फुटक्या-सडक्या अंड्यांतून किंवा ओल्या नाभीतून आत शिरतात. डोळ्याच्या आतपर्यंत संसर्ग गेला की डोळा निळसर-पांढरा, दुधी दिसायला लागतो. अशा वेळी फक्त डोळ्याचं औषध पुरत नाही, अंगातल्या संसर्गावर औषध द्यावं लागतं. मायकोप्लाझ्मा हा जंतू कोंबडीकडून अंड्यातून पिल्लात येतो. पुढच्या काही दिवसांत किंवा आठवड्यांत डोळ्याच्या कोपऱ्यात साबणाच्या फेसासारखे बुडबुडे दिसणं आणि शिंका येणं ही त्याची खूण. औषधाने त्रास दबतो, पण पक्षी सहसा वाहक राहतो. असा पक्षी मोठा झाल्यावर त्याची अंडी उबवायला ठेवू नयेत.

बुरशीचा प्रकार वेगळा ओळखता येतो. ॲस्परजिलस नावाची बुरशी अंड्यातून, यंत्रातून किंवा दमट गादीतून येते. पिल्लं चोच उघडून धापा टाकतात, पण घशात घरघर नसते, आणि काहींच्या तिसऱ्या पापणीखाली पिवळा चकतीसारखा थर बसतो. अँटिबायोटिकचा याला काहीही उपयोग नाही. गादी आणि खाद्य तातडीने बदला आणि पशुवैद्याला दाखवा.

काही वेळा पापणी अगदी सहज उघडते आणि आत डोळाच नसतो, किंवा मोहरीएवढा अविकसित डोळा असतो. उबवणीच्या सुरुवातीच्या दिवसांत तापमान जास्त झालं तर डोळ्यांचे दोष येतात. आनुवंशिक कारणंही असतात. वाकडी चोच सोबत असेल तर खाण्याचा प्रश्न डोळ्यापेक्षा मोठा ठरतो. इथे औषधाने काही होणार नाही, पण खळगा कोरडा आणि स्वच्छ ठेवला तर पिल्लाला त्याचा त्रासही होत नाही.

जीवनसत्त्वांबद्दल थोडक्यात. अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेने डोळे चिकटतात हे खरं, पण ते पिल्लू काही आठवड्यांचं झाल्यावर दिसतं. पहिल्या दिवसांचा साठा त्याला बलकातून मिळालेला असतो. पँटोथेनिक आम्ल किंवा बायोटिन कमी पडलं तरी पापण्या खपल्यांनी चिकटतात, सोबत चोचीच्या कोपऱ्यांवर आणि पायांवरही खपल्या येतात. ताजं, चांगल्या दर्जाचं पिल्लांचं खाद्य असेल तर वेगळं काही घालायची गरज पडत नाही. घातलंच तर पाकिटावरच्या मापाने, थोडे दिवस. अ जीवनसत्त्व जास्त झालं तरी पापण्यांवर खपल्या धरतात, म्हणजे ज्यासाठी द्यायला गेलो तेच होऊन बसतं. राणीखेत या कोंबड्यांच्या विषाणूजन्य रोगाची डोळ्यात घालायची जिवंत लस दिल्यानंतर तीन-चार दिवस डोळे किंचित पाणावले तर तो लसीचा परिणाम असतो.

माणसांच्या ड्रॉपबद्दल मी कडक बोलणार आहे, कारण इथे चांगले डोळे वाया गेलेले मी पाहिले आहेत. घरात उरलेल्या बाटलीत बऱ्याचदा अँटिबायोटिकसोबत स्टेरॉईड असतं. डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, बीटामेथासोन यांपैकी काहीही लेबलवर असेल तर ती बाटली बाजूला ठेवा. टोच लागून डोळ्याच्या काचेवर बारीक जखम झाली असेल तर स्टेरॉईडने ती भरत नाही, खोल जाते आणि डोळा फुटू शकतो. ही जखम नुसत्या नजरेला दिसत नाही. डॉक्टर फ्लुरोसिनचा हिरवा रंग घालून ती बघतात. लाली घालवणारे आणि बधिर करणारे ड्रॉपही नकोत. क्लोरॅम्फेनिकॉल हे माणसांसाठी सर्रास मिळणारं मलम, पण अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या पक्ष्यांत त्याच्या वापरावर अनेक देशांत बंदी आहे, त्यामुळे अंडी-मांस देणाऱ्या जातीच्या पिल्लालाही ते लावू नये. मध, दूध, कसलीही पूड किंवा पाल्याचा रस डोळ्यात घालू नका. डॉक्टर भेटेपर्यंत हाताशी ठेवण्यासारख्या दोनच गोष्टी: सलाईन आणि प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले साधे कृत्रिम अश्रू.

डॉक्टरांनी मलम दिलं तर खालच्या पापणीच्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढंच लावा. जास्त लावलं की ते पिसांवर ओघळतं, त्याला भुसा चिकटतो आणि साफ केलेला डोळा पुन्हा घाण होतो. लावल्यावर दहा-पंधरा मिनिटं पिल्लू कागदावरच ठेवा. सांगितलेले दिवस पूर्ण करा, डोळा दुसऱ्या दिवशी उघडला तरीही.

डॉक्टरकडे कधी न्यायचं? भिजवूनही 48 तासांत डोळा उघडत नसेल, पुसल्यावर पुन्हा पू येत असेल, डोळा दुधी किंवा बाहेर आलेला दिसत असेल, रक्त येत असेल, तर थांबू नका. एकाहून जास्त पिल्लांना तसंच व्हायला लागलं, किंवा धाप, शिंका, मानेची थरथर, पाय लुळे पडणं यांपैकी काही सोबत असेल, तर तो एका पिल्लाचा प्रश्न राहिलेला नाही. अंगाची थरथर आणि नंतर डोळ्यात मोतीबिंदू हे पक्ष्यांच्या मेंदूदाहाचं लक्षण असू शकतं, आणि एकामागून एक पिल्लं मरत असतील तर सरकारी पशुवैद्यकीय खात्याला कळवायला हवं. मेलेलं पिल्लू फेकू नका. दुहेरी पिशवीत घालून थंड ठेवा, गोठवू नका, आणि तपासणीला द्या. बाकीच्या कळपासाठी याहून उपयोगी दुसरं काही नाही.

हे सगळं करताना स्वतःलाही जपा. निरोगी दिसणाऱ्या पिल्लाच्या अंगावरही साल्मोनेला असू शकतो. प्रत्येक वेळी साबणाने हात धुवा, आजारी कोपरा सर्वांत शेवटी हाताळा, पिल्लाला तोंडाजवळ नेऊ नका आणि लहान मुलांना हा डोळा पुसायला देऊ नका. राणीखेतचा विषाणू माणसाच्या डोळ्यातही लाली आणतो.

एका डोळ्याने आंधळं राहिलेलं पिल्लू नीट वाढतं, अंडी देतं, कळपात राहतं. फक्त आंधळ्या बाजूने अचानक उचललं की घाबरतं, म्हणून आधी आवाज द्या आणि दिसणाऱ्या बाजूने जवळ जा. दोन्ही डोळे गेलेलं पिल्लू सांभाळणं कठीण आहे, पण अशक्य नाही. खाद्य, पाणी, बसायची जागा यांत एका इंचाचाही बदल करायचा नाही आणि सोबत शांत पक्षी ठेवायचा. ते स्वतः खायला शिकलं आणि वजन वाढत राहिलं तर त्याला संधी द्यावी. आठवडाभर सगळं करूनही ते स्वतःहून खात नसेल, झिजत असेल, वेदनेने सतत ओरडत असेल, तर पशुवैद्याकडून त्याला वेदनारहित मरण देणं हा काळजीचाच भाग आहे. तो निर्णय लांबवू नये.

पुढच्या खेपेसाठी: पंखा असलेल्या यंत्रात तापमान 37.5 ते 37.8 अंश, पहिले 18 दिवस आर्द्रता साधारण 45 ते 55 टक्के आणि शेवटचे तीन दिवस 65 ते 70 टक्के. शेवटच्या तीन दिवसांत झाकण वारंवार उघडलं की आतली हवा कोरडी पडते आणि चिकट पिल्लं वाढतात. सुरुवातीचे 18 दिवस ओलावा जास्त राहिला तरी अंड्यातलं पाणी पुरेसं उडत नाही आणि पिल्लू लिबलिबीत द्रवासकट बाहेर येतं. मळकी, तडकलेली अंडी ठेवू नका आणि प्रत्येक खेपेनंतर यंत्र पूर्ण धुऊन कोरडं करा. पिल्लं बाहेर आल्यावर पहिले दोन-तीन दिवस उजेड जास्त वेळ ठेवला तर चालतो, त्यांना खाणं शिकायचं असतं. नंतर मात्र रोज ठरावीक वेळी किमान चार तास सलग अंधार हवा. आठवडेच्या आठवडे चोवीस तास उजेडात वाढलेल्या पिल्लांचे डोळे आतून दाब वाढून मोठे होतात आणि दृष्टी बिघडते. म्हणून दिव्याऐवजी उजेड न देणारी सिरॅमिक हीटर किंवा उबेची प्लेट असेल तर उत्तम.

आता तुमच्या पिल्लाबद्दल. डोळा सलग दोन दिवस स्वतःहून उघडा राहिला, पापणीची सूज गेली, क्रॉप रोज रात्री भरलेला लागला आणि वजन वाढलं की जाळी काढा. ते संध्याकाळी, उजेड मंद असताना करा, तेव्हा टोचाटोची कमी होते. सोबतीच्या पिल्लासकट सोडा, अर्धा तास तिथेच बसून बघा. कोणी पुन्हा त्याच डोळ्याकडे चोच वळवली तर जाळी परत लावा आणि दोन दिवसांनी पुन्हा प्रयत्न करा.